खुणेमागचा अर्थ शोधणारा विद्वान : अबू रैहान अल-बिरूनी

इस्लामने ज्ञानार्जनाला इबादतीचे मोल दिले आहे. पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये अल्लाहतआलाने मानवाला निरनिराळ्या कौमांत व कबिल्यांत का विभागले, याचा हेतू सांगितला आहे. माणसांनी एकमेकांना ओळखावे, हा तो हेतू. ही ओळख नुसत्या नावागावाची नव्हे. समोरचा माणूस कोणत्या खुणा जपतो आणि त्या खुणेतून त्याला काय म्हणायचे असते, हे जाणणे म्हणजे ओळख. हजार वर्षांपूर्वी ही शिकवण आयुष्यभराच्या अभ्यासाने पाळून दाखविणारे विद्वान म्हणजे अल्लामा अबू रैहान अल-बिरूनी.

त्यांचा जन्म इ.स. 973 (हिजरी 362) मध्ये ख्वारिज्म प्रदेशातील काथ या नगरीत झाला. हा प्रदेश अरल समुद्राच्या दक्षिणेस, आजच्या उझबेकिस्तानात आहे. त्याच्या उत्तरेला आजच्या कझाकस्तानातील अफाट गवताळ माळ सुरू होतो. शेती करणारे, कारवाँ घेऊन फिरणारे व्यापारी आणि कळपांमागे भटकणारे तुर्क अशा नाना प्रकारच्या लोकांची तिथे ये-जा असे. अबू नस्र मन्सूर या गणितज्ञ गुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. पुढे जुर्जानच्या दरबारात असताना, इ.स. 1000 च्या सुमारास, त्यांनी निरनिराळ्या कौमांच्या कालगणना व सणवारांविषयी ‘अल-आसारुल बाकिया’ हा ग्रंथ लिहिला. एखादा समाज कोणता दिवस लक्षात ठेवतो, यावरून त्या समाजाचे मन कळते, हे या ग्रंथातून ध्यानात येते.

इ.स. 1017 मध्ये गझनीच्या सुलतान महमूदाने ख्वारिज्म जिंकले आणि इतर विद्वानांबरोबर बिरूनींनाही गझनीला नेले. हे स्थलांतर त्यांनी स्वतः निवडलेले नव्हते. परंतु प्राप्त परिस्थितीतही त्यांनी ज्ञानाचा मार्ग सोडला नाही. गझनीचे राज्य पंजाबपर्यंत पसरल्यामुळे भारताचे दार त्यांना उघडे झाले. उतारवयाकडे झुकत असताना ते संस्कृत शिकू लागले आणि ज्योतिषी पंडितांपुढे शिष्य म्हणून बसले. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या मोजली. पतंजलीच्या योगविषयक ग्रंथाचे अरबी भाषांतरही केले.

या परिश्रमांतून इ.स. 1030 च्या सुमारास ‘किताबुल हिंद’ हा 80 प्रकरणांचा ग्रंथ सिद्ध झाला. धर्मकल्पना, लिपी, वजनमापे, नद्या, उपवास, विवाह, वारसा असे कितीतरी विषय त्यात आहेत. दक्षिणेकडील मार्ग सांगताना त्यांनी धार नगरीच्या खाली महरट्टदेशाची आणि पुढे सागरकिनाऱ्यावरील ठाणे ही राजधानी असलेल्या कोकणची नोंद केली आहे. आपल्या महाराष्ट्राचा हा उल्लेख सुमारे हजार वर्षांपूर्वीचा आहे.

आज ज्याला चिन्हशास्त्र म्हणतात, त्याचे मर्म या ग्रंथात जागोजागी आढळते. हिंदू ग्रंथांच्या आरंभी येणाऱ्या ओंकाराविषयी ते लिहितात की, हे वर्णमालेतले अक्षर नसून शुभारंभासाठी योजलेली आकृती आहे, आणि मुसलमान ग्रंथारंभी अल्लाहचे नाव घेतात तसाच तिचा उपयोग होतो. मूर्तींविषयीच्या प्रकरणात, सामान्य जन सर्वत्रच दिसणाऱ्या वस्तूकडे ओढले जातात, असे कारण देऊन ते विचारवंतांची श्रद्धा व लोकाचार यांत भेद करतात. स्वतः तौहीदवर अढळ असूनही समोरच्याचे म्हणणे ते त्याच्याच शब्दांत मांडतात. पटत नाही तेथे तसे स्पष्ट सांगतात, पण विपर्यास करीत नाहीत. सत्य साक्ष स्वतःच्या विरुद्ध गेली तरी ती द्यावी, या कुरआनच्या आज्ञेचे स्मरण त्यांनी प्रस्तावनेतच करून दिले आहे. म्हणूनच महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि तेथील लोकांच्या मनात मुसलमानांविषयी दुरावा वाढविला, हे गझनीत राहूनही त्यांनी लिहिले.

आषाढातील देवशयनीच्या उपवासाची नोंदही या ग्रंथात आहे. चातुर्मासाचा आरंभ, वासुदेवाची निद्रा आणि एकादशी यांचा परस्परसंबंध ते समजावून देतात. दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निमगाव केतकी, इंदापूरमार्गे पंढरपूरला जाते ती याच एकादशीसाठी. रस्त्याकडेच्या आपल्या घरांतील मुले टाळ, पताका, डोईवरची तुळस पाहतात आणि त्याचा अर्थ विचारतात. आपली श्रद्धा सांभाळूनही त्यांना खरा अर्थ सांगता येतो, हे बिरूनींच्या उदाहरणावरून कळते. आपल्या अजान, रोजा व कुर्बानीचा खरा अर्थ शेजाऱ्यांनी जाणावा, असे आपल्याला वाटते. मग त्यांच्या खुणांबाबत तोच न्याय आपणही पाळला पाहिजे.

पुढे सुलतान मसऊदच्या नावाने त्यांनी ‘अल-कानूनुल मसऊदी’ हा खगोलशास्त्राचा महाग्रंथ लिहिला. त्याबद्दल हत्तीवर लादून पाठविलेली चांदी त्यांनी परत केली, अशी कथा प्रसिद्ध आहे. अखेरच्या काळातील ‘किताबुस्सैदना’ या औषधिग्रंथात एकेका वनस्पतीची अरबी, फारसी, ग्रीक, सुर्यानी व हिंदी नावे शेजारी शेजारी येतात. वस्तू एकच असते, नावे मात्र अनेक. हे ज्याला कळले तो नावावरून भांडत नाही.

इ.स. 1048 च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले. चरित्रकार सांगतात की, अखेरच्या घटका मोजत असताना भेटीस आलेल्या एका फकीहांना त्यांनी वारसा-हक्काचा एक मसला विचारला. अशा अवस्थेत हा प्रश्न कशाला, असे त्या फकीहांना वाटले. तेव्हा, उत्तर न कळता जाण्यापेक्षा ते जाणून जगाचा निरोप घेणे बरे, असे बिरूनींनी त्यांना समजाविले. फकीहांनी मसला उलगडून सांगितला आणि ते घराबाहेर पडून रस्त्याला लागतात तोच मागून आक्रोश ऐकू आला. अल्लाहतआला त्यांना आपल्या रहमतीत स्थान देवो आणि आपणा सर्वांना न्यायाने जाणण्याची व सत्य साक्ष देण्याची सुबुद्धी देवो. आमीन.