धर्म सोडला, माणसे जोडली : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

दरवर्षी १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन पार पडतो आणि दुसऱ्याच दिवशी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती येते. आदल्या दिवशीच्या उत्साहात ही जयंती बहुतेक गावांत फोटोला हार घालण्यापुरतीच उरते. नाशिक जिल्हा सोडला तर तेवढेही होत नाही. आम्हाला ही गोष्ट खटकते. कारण धर्म सोडणे म्हणजे काय हे बाबासाहेबांनी सांगितले, पण धर्म सोडल्यानंतर गावात, नात्यागोत्यात, राजकारणात माणसाने उभे कसे राहायचे याचा धडा दादासाहेबांच्या आयुष्यात आहे. आणि तो धडा आज आपल्या घराघरांत हवा आहे.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. आज दिंडोरी म्हटले की लोकांना द्राक्षांचे मळे आठवतात. १०० वर्षांपूर्वीची दिंडोरी गावगाड्याची होती. त्या गावगाड्यात महाराला जागा होती, पण ती जागा वेशीबाहेर होती आणि तिचे काम ठरलेले होते. मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल पोचवणे, सांगावा घेऊन धावणे, आणि बदल्यात बलुते मागणे. गावातला प्रत्येक माणूस महाराला नावानिशी ओळखत होता. ती ओळख माणसाची नव्हती, कामाची होती. हिंदू धर्म म्हणजे देवळातला देव असे ज्यांना वाटते त्यांनी गावगाडा पाहिलेला नाही. कोणी कोणाला शिवायचे, कोणी कुठल्या पाणवठ्यावर जायचे, कोणाच्या मुलाने कोणाच्या मुलीकडे पाहायचे, हे सगळे ठरवणारा आणि मोडणाऱ्याला वाळीत टाकणारा तो एक बंदिस्त पंथच होता. त्यात जन्माने प्रवेश होता आणि बाहेर जायला दार नव्हते.

दादासाहेबांनी आधी आतल्या दारावर धडक दिली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. सुमारे १५ हजारांची मिरवणूक मंदिरावर गेली, तेव्हा मंदिराची दारे बंद होती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड, वय २७. त्याच महिन्यात गांधीजींची दांडी यात्रा निघाली आणि देशातल्या वर्तमानपत्रांचे डोळे तिकडे लागले. नाशिकच्या दारात बसलेल्यांची दखल घ्यायला फारसे कोणी नव्हते. ९ एप्रिलला रामनवमी होती. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा असे ठरले होते. ऐनवेळी सनातन्यांनी शब्द मोडून रथ पळवला, दगडफेक झाली आणि बाबासाहेबांनाही मार लागला.

पण आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते मंदिराच्या दाराकडे नाही, नाशिकच्या आसपासच्या खेड्यांकडे. सत्याग्रहात गेलेला माणूस घरी परतला तेव्हा त्याचे गाव बदललेले होते. वाण्याने मीठमिरची द्यायचे बंद केले, रस्ता अडवला गेला, शाळेतल्या पोरांना घरी बसावे लागले. ज्या पाटलाच्या शेतावर बापजाद्यांनी राबण्यात आयुष्य घालवले, त्याने तोंड फिरवले. चळवळीच्या इतिहासात सत्याग्रहींचे आकडे येतात. मिठाविना चूल पेटवणाऱ्या बायांचे आकडे येत नाहीत. तुरुंगात जाणे एकवेळ सोपे, कारण तिथे सोबती असतात. बहिष्कृत वस्तीत दिवस काढणे अवघड. दादासाहेब स्वतः तुरुंगात गेले, पण त्यांचे खरे काम या वस्त्या तुटू न देण्याचे होते. सत्याग्रह पुढे पाच वर्षे चालला. त्या काळात जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पायी फिरून ज्याने माणसे धरून ठेवली, त्याला लोकांनी पुढे कर्मवीर म्हटले. ही पदवी कुठल्या सरकारने दिलेली नाही.

या सत्याग्रहाचा शेवट आम्हाला त्याच्या सुरुवातीइतकाच महत्त्वाचा वाटतो. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहिले. मंदिरप्रवेश हे आपले अंतिम ध्येय कधीच नव्हते, समाजाला त्याच्या ताकदीची जाणीव व्हावी म्हणून तो मार्ग धरला होता, ते काम झाले आहे, आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या दारासाठी चार वर्षे लाठ्या खाल्ल्या, ते दार आता नको, असे सांगणारे हे पत्र. दुसरा एखादा कार्यकर्ता दुखावला असता. हट्टाने दारातच बसून राहिला असता, कारण त्या दाराने त्याला नाव दिले होते. चळवळीत असे हट्ट आपण पुष्कळ पाहतो. दादासाहेबांनी तसे केले नाही. काही जण याला आज्ञाधारकपणा म्हणतील. आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी हुकूम सोडला नव्हता, कारणे मांडली होती. कारण समजून घेऊन आपलीच वाट बदलणे आणि गुरूच्या शब्दाला मान तुकवणे यांत फरक आहे. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ज्यांना नेता आणि कार्यकर्ता यांचे नाते कसे असावे हे पाहायचे असेल त्यांनी ती जरूर वाचावीत. त्यात हिशेब आहेत, चिंता आहेत, राजकारण आहे, घरगुती विचारपूस आहे. भक्ताला कोणी अशी पत्रे लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली आणि मंदिर सत्याग्रह थांबवण्याचा ठराव झाला. त्यानंतर प्रत्यक्ष दीक्षा घ्यायला २१ वर्षे गेली. बाबासाहेबांनी एवढा उशीर का केला, असे विचारणारे आजही भेटतात. उत्तर सोपे आहे. एका बंदिस्त घरातून निघून दुसऱ्या बंदिस्त घरात शिरायचे नव्हते. त्या काळात अनेक धर्मांची आमंत्रणे आली, पण घाई केली नाही. ही २१ वर्षे लाखो माणसांनी विचार करण्यात घालवली. आपण कोण, आपला देव कोणी दिला, त्याने आपले काय भले केले, हे प्रश्न महारवाड्यात रात्री कंदिलाच्या उजेडात विचारले गेले. पोथीतले उत्तर नको, स्वतःचे उत्तर हवे, ही सवय तिथे लागली.

ही वर्षे दादासाहेबांनी वाट पाहत काढली नाहीत. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. पक्षाचे नाव पाहा. त्यात जात नाही, धर्म नाही. त्याच पक्षाने कोकणातल्या खोतीविरुद्ध कुणब्यांना आणि महारांना एका रांगेत उभे केले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. इकडे महार वतनाविरुद्धचा लढा चालूच होता. वतन हे इनाम नसून गुलामीची साखळी आहे, हे आपल्याच माणसांना पटवणे सर्वांत कठीण होते. वतनाची दोन-चार गुंठे जमीन आणि वतनदार हा शब्द सोडायला लोक तयार नव्हते. बाहेरच्याशी भांडण्यापेक्षा स्वतःच्या भावकीला समजावणे किती जड जाते, हे ज्याने घरात एकदा तरी देव्हाऱ्यावरून वाद घातला आहे त्याला विचारा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. त्या लाखोंत दादासाहेब होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ५४ वर्षे पूर्ण झाली. पुढे दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले आणि नवा धम्म घेतलेला समाज पोरका झाला.

इथून पुढचा काळ आपण नीट अभ्यासलेला नाही. गावोगाव देव नदीत, विहिरीत सोडले गेले. देव्हारे रिकामे झाले. पण देवाबरोबर त्याच्याभोवतीची माणसेही जात होती, त्याचे काय? जत्रेला येणारी मावशी आता का यावी? खंडोबाच्या तळीभंडाराला जमणारी भावकी आता कशासाठी जमावी? लग्न कोणत्या विधीने लावायचे, मयताला काय करायचे, बाळाचे नाव काय ठेवायचे? जे नातेवाईक जुन्या धर्मात राहिले त्यांच्याशी सोयरीक करायची की नाही? बाबासाहेबांनी बौद्ध पूजापाठ तयार करून ठेवला होता, म्हणून निदान तोंडात शब्द तरी मिळाले. बाकी सारे लोकांनी स्वतः उभे केले. जयंती ही नवी जत्रा झाली, विहार ही नवी चावडी झाली, परित्राणपाठाला नातेवाईक पुन्हा एकत्र बसू लागले. हे काम बायकांनी केले आणि त्याचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही. नाशिकला दादासाहेबांच्या पत्नी गीताबाई आणि शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या याच काळात पुढे होत्या. शांताबाईंना चळवळीत आणणारे दादासाहेबच.

पंथ सोडणाऱ्याला नातेवाईक तोडणे ही शिक्षा सगळीकडे एकसारखी आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नंतर सुधारणावादी बोहऱ्यांनी काय सोसले ते त्यांनाच विचारा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा लागू व्हायला २०१७ साल उजाडले. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्धची मोहीम होती आणि तीही २०१३ साली नाशिकमधूनच सुरू झाली. आजही एखादा तरुण जातपंचायत झुगारतो, एखादी मुलगी बुवाच्या बैठकीला जायचे बंद करते, तेव्हा आधी फोन बंद होतात, मग लग्नपत्रिका येणे बंद होते. अशा वेळी माणूस दोन चुका करतो. एकटा पडून परत जातो, किंवा पहिल्यासारखाच दुसरा कोंडवाडा शोधतो, जिथे विचार करायला दुसरा कोणीतरी असतो.

दादासाहेबांनी या दोन्ही वाटा टाळल्या. १९५७ साली ते संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्या आघाडीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. तो फक्त बौद्धांचा नसावा, हीच बाबासाहेबांची कल्पना होती. दादासाहेबांनी तिला जमिनीवर आणले, अगदी शब्दशः. १९५९ मध्ये खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. त्यात बौद्ध होते, तसे आदिवासी आणि इतर जातींचे भूमिहीनही होते. ज्या गावाने १९३० साली मीठ बंद केले त्याच गावातल्या मजुराला आता बौद्ध कार्यकर्ता सांगत होता की ही जमीन तुझीही आहे. आमच्या मते धर्मांतराचे यापेक्षा मोठे फळ नाही. जुन्या गावगाड्यात वरची-खालची पायरी होती. इथे प्रथमच दोघे एका बांधावर उभे राहिले.

यावर टीका झाली ती आपल्याच लोकांकडून. शिकलेल्या, शहरी पुढाऱ्यांना हा लढा कम्युनिस्टांचा वाटला. धोतर नेसणाऱ्या, पदवी नसलेल्या माणसाने पक्ष चालवावा हेही अनेकांना रुचले नाही. बी. सी. कांबळे यांचा गट वेगळा झाला आणि दुरुस्त-नादुरुस्त अशी चेष्टेची नावे पडली. पक्षाची शकले तेव्हा सुरू झाली ती आजवर थांबलेली नाहीत. दादासाहेबांचेही सगळेच आम्हाला पटते असे नाही. १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी केलेली हातमिळवणी पक्षाला महागात पडली, असेच आमचे मत आहे. सगळ्यांशी नाते जोडणाऱ्याने सत्तेशी नाते जोडताना अंतर किती ठेवावे, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही. हे लिहिल्याने दादासाहेब लहान होत नाहीत. कालाम सुत्त मानणाऱ्या समाजाने आपल्या नेत्यांनाही तपासून पाहिले पाहिजे.

६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशभर दुसरा भूमिहीन सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली असे चळवळीच्या नोंदी सांगतात. त्याआधी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली होती. त्यात जमीन होती, धान्याचे भाव होते, किमान वेतन होते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे ही मागणी होती. आणि बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात हीही होती, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदू धर्म सोडणाऱ्याच्या केंद्रातील सवलती काढून घेतल्या होत्या. राज्याने १९६० मध्ये त्या दिल्या होत्या, केंद्राने नाही. १९६५ च्या आरंभी सरकारने काही आश्वासने दिल्यावर सत्याग्रह थांबला. दादासाहेब तेव्हा राज्यसभेत होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

तैलचित्र मध्यवर्ती सभागृहात लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी. बौद्धांना केंद्रातील सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. जमिनीच्या मागणीवर राज्य सरकारने २००४ साली दादासाहेबांच्या नावाने योजना काढली. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांमधील दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ती योजना आहे. दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत मजुरीला येणारा पेठ-सुरगाण्याचा आदिवासी भूमिहीन मात्र तिच्यात बसत नाही. दादासाहेबांच्या सत्याग्रहात तो बसला होता.