मोबाइलवरची तिथी आणि मुरुडचे दीक्षित मास्तर

घरात दोन मोबाइल, दोन्हींवर पंचांगाचे ॲप, आणि एकादशी एकावर आज तर दुसऱ्यावर उद्या. अशा वेळी दोष पंचांगाच्या माथी मारला जातो. पण कित्येकदा घोळ ॲपमध्ये असतो. पडद्यावर गाव रत्नागिरी दिसते आणि आतला हिशेब भलत्याच गावचा असतो. गाव बदलले की हिशेब कसा बदलायचा, हे १८९६ मध्येच कोष्टकांत मांडून ठेवणारा माणूस याच जिल्ह्यातला होता. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. (जंजिऱ्याचे मुरुड वेगळे. हे हर्णैजवळचे, जिथे महर्षी कर्व्यांचे बालपण गेले.) पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत गेल्या आणि अखेर ते पुन्हा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले, या वेळी शिकवायला. वेधशाळा हाताशी नाही, विद्यापीठाचा आधार नाही. शाळा सुटल्यावर ग्रहगणित करायचे, हाच क्रम. सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देणारे ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तकही त्यांचेच.

त्यांच्या गणिताचा कस लागला तो शिलालेखांवर. जॉन फ्लीट हे इंग्रज अधिकारी गुप्त राजांच्या लेखांचा संग्रह तयार करत होते. गुप्त संवत नेमका कधी सुरू झाला, यावर विद्वानांत वाद होता. एरणच्या स्तंभावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरलेले आहे. संवताचा आरंभ चुकीचा धरला तर तिथी आणि वार जुळत नाहीत. दीक्षितांच्या गणिताने तो दिवस २१ जून ४८४ ठरला आणि त्या दिवशी गुरुवारच येतो. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला, त्यात दीक्षितांचे हे काम आहे.

उज्जैनपासून रत्नागिरी किती मिनिटे?

१८९६ या एकाच वर्षी त्यांची दोन मोठी कामे छापून आली. एक मराठीतले ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ आणि दुसरे रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लंडनहून निघालेले ‘द इंडियन कॅलेंडर’. दुसऱ्या पुस्तकात इ. स. ३०० ते १९०० या काळातली कोणतीही तिथी इंग्रजी तारखेत बदलण्याची कोष्टके आहेत. वापरणाऱ्याला ज्योतिष यायलाच हवे, अशी अट नाही. अंदाज पुरत असेल तर सोपी रीत, अचूक वेळ हवी असेल तर लांबची.

त्यातले एक कोष्टक आजच्या ॲप बनवणाऱ्याने मुद्दाम पाहावे. मूळ गणित उज्जैनच्या रेखावृत्तावर धरलेले आहे. मग वेगळ्या कोष्टकात गावांची यादी आणि प्रत्येकासमोर उज्जैनपासूनचा फरक मिनिटांत. रत्नागिरी उज्जैनच्या पश्चिमेला सुमारे अडीच अंश आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे साधारण दहा मिनिटे वजा. गाव बदला, फरक बदला. मूळ गणिताला हात लावायचा नाही.

हे इतके महत्त्वाचे का? सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते. तो क्षण साऱ्या देशाला एकच. पण दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या वेळी चालू असलेल्या तिथीवरून, आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. जानेवारीच्या मध्यात नागपूरला सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, रत्नागिरीला सातनंतर. दशमी बरोबर सातला संपत असेल, तर नागपूरला तो दिवस दशमीचा आणि रत्नागिरीला एकादशीचा. (उपवास नक्की कधी धरायचा याचे नियम आणखी आहेत, त्यात इथे शिरत नाही.) संकष्टीचा चंद्रोदय तर सरळ गावावरच अवलंबून.

आता साधे ॲप करायचे झाले तर लक्षात ठेवायच्या गोष्टी तीनच: तारीख, गाव आणि भाषा. पडद्यावरचे बाकी सगळे, म्हणजे सूर्योदय, तिथी, चंद्रोदय, अगदी रात्री गडद होणारी पार्श्वभूमीसुद्धा, यांतून दर वेळी नव्याने काढायचे. फ्लटर किंवा जेटपॅक कंपोज ही हल्लीची साधने याच पद्धतीची आहेत. इथला आकडा पूस, तिथे नवा लिही, असे सांगावे लागत नाही. या तारखेला, या गावी पडदा कसा दिसेल एवढे एकदा लिहायचे. गाव बदलले की पडदा स्वतः नव्याने रंगतो. एखाद्या शहराच्या तिथ्यांची तयार यादी भरून ठेवायची आणि वर फक्त गावाचे नाव बदलायचे, हा आळस मात्र नडतो. लोकेशनची परवानगी नाकारली असेल, तर आपण कोणते गाव गृहीत धरले आहे ते ॲपने ठळक दाखवायला हवे. तुमच्या ॲपची परीक्षा घ्यायची असेल तर गाव रत्नागिरीवरून नागपूर करा. सूर्योदयाची वेळ जागची हलली नाही, तर त्या ॲपवर उपवास ठरवू नका.

गाव बरोबर असूनही दोन पंचांगे वेगळी असू शकतात, आणि दीक्षितांची खरी लढाई तिथे होती. पंचांग ऋतूंना धरून चालावे, म्हणजे सायन असावे, या मताचे ते होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक हे त्यांचे या कामातले सोबती. उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होते आणि आपण संक्रांत १४-१५ जानेवारीला करतो. हे अंतर सुमारे ७२ वर्षांत एक दिवसाने वाढते. लोकांनी सायन पंचांग काही स्वीकारले नाही. १८९८ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, दीक्षित गेले.

पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’चे इंग्रजी भाषांतर त्यानंतर भारत सरकारने दोन भागांत प्रसिद्ध केले.