सिअर्स टॉवर उभा करणारा ढाक्याचा इंजिनियर

शिकागोत आमच्याकडे पाहुणे आले की विलिस टॉवरची वारी ठरलेलीच. २००९ साली नाव बदललं, तरी इथले जुने लोक त्याला सिअर्स टॉवरच म्हणतात, मीही त्यांतलीच. मागच्या उन्हाळ्यात बाबा आले होते. सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत झालेली. १०३व्या मजल्यावरच्या काचेच्या सज्जातून खाली बघायचं सोडून ते मलाच विचारत राहिले, याचं स्ट्रक्चर कुणी केलं? इतकी वर्षं इथे राहून मला नाव सांगता येईना. लाज वाटली. मग आठवडाभर रात्री वाचत बसले.

फझलुर रहमान खान. जन्म ३ एप्रिल १९२९, ढाक्याचा. वडील गणिताचे शिक्षक. इंजिनियरिंग शिबपूरला सुरू झालं आणि ढाक्यात पुरं झालं. १९५२ साली शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात आले आणि तीन वर्षांत दोन मास्टर्स व पीएचडी करून मोकळे झाले! मग शिकागोतल्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल कंपनीत नोकरी. मध्ये त्यांनी, आपण सगळे नुसतं बोलतो ते करून पाहिलं. परत गेले. कराचीत मानाची सरकारी नोकरी होती, पण कारभाराच्या कामात डिझाइन मागे पडलं, आणि त्यांनी पुन्हा शिकागो गाठलं. हे वाचताना मी बराच वेळ तिथेच अडकले.

उंच इमारतीला खरा त्रास वजनापेक्षा वाऱ्याचा. खानांनी वाऱ्याचा भार बाहेरच्या भिंतींवर घेतला. म्हणजे इमारत जमिनीत रोवलेल्या पोकळ नळीसारखी झाली. १९६९च्या शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटरवर बाहेरून दिसणाऱ्या फुल्या त्यासाठीच आहेत, शोभेसाठी नव्हेत. सिअर्समध्ये तर ७५ फुटी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. दोन ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या, आणि उरलेल्या दोन ११०पर्यंत जातात. मी हे सांगत असताना बाबा उठले, देवघरातली उदबत्त्यांची जुडी आणली आणि वाकवून बघत बसले. ४४२ मीटरची ही इमारत पुढे वीसहून अधिक वर्षं जगात सर्वांत उंच होती. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम, पण तिला वाऱ्यात उभं ठेवलं ते खानांनी.

टॉवरचं काम चालू असतानाच १९७१ उजाडलं. तिकडे ढाका जळत होता. इकडे खान शिकागोतल्या बंगाली मंडळींना जमवून पैसे गोळा करत होते, अमेरिकन पुढाऱ्यांपर्यंत गाऱ्हाणं पोहोचवत होते. परत न गेलेल्या माणसाचं गाव असं सुटतं थोडंच?

२७ मार्च १९८२ला जेद्दामध्ये हृदयविकाराने ते गेले. वय अवघं ५२. तिथल्या विमानतळावरचं हज यात्रेकरूंचं तंबूंसारखं टर्मिनल त्यांच्याच हातचं. दफन मात्र शिकागोत, ग्रेसलँड दफनभूमीत.

बाबा निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिथे गेलो. मी फुलं घेतली होती. बाबांनी बूट काढून बाजूला ठेवले, आणि गवतात तसेच उभे राहिले.