विश्लेषण : ना उमराव घराणे, ना पदवी… तरी लंडनच्या पुरुषांनी काय घालायचे, हे बो ब्रमेलने कसे ठरवले?

कार्यालयात, न्यायालयात किंवा लग्नाच्या स्वागत समारंभात पुरुष गडद रंगाचा, साधा पण अंगावर नेमका बसणारा सूट घालतात. हा पोशाख इतका सवयीचा झाला आहे की त्यामागे कुणाचे डोके असेल, असा प्रश्नही पडत नाही. या पोशाखाची मुळे शोधत गेल्यास आपण २०० वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये पोहोचतो. तिथे एका नोकराच्या नातवाने केवळ कपड्यांच्या जोरावर राजपुत्रालाही आपल्या मागे चालायला लावले होते. जॉर्ज ब्रमेल हे त्याचे नाव. पण जग त्याला ‘बो ब्रमेल’ म्हणून ओळखते. त्याचा उदय, त्याची सत्ता आणि त्याचा करुण शेवट यांविषयी…

कोण होता बो ब्रमेल?

ब्रमेलचा जन्म ७ जून १७७८ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे आजोबा एका श्रीमंताकडे खासगी नोकर होते. पुढे त्यांनी सेंट जेम्स भागात भाड्याने खोल्या देण्याचा व्यवसाय केला. वडील विल्यम ब्रमेल हुशार निघाले आणि पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचे खासगी सचिव झाले. दोन पिढ्यांत घराणे नोकरांच्या खोलीतून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत पोहोचले होते. वडिलांनी पैसा कमावला, मुलाला ईटनच्या प्रतिष्ठित शाळेत घातले. त्यानंतर काही काळ तो ऑक्सफर्डलाही होता. मात्र इंग्लंडच्या समाजात पैसा आणि शिक्षण असले तरी रक्ताचा प्रश्न उरतच असे. ब्रमेलकडे जमीनजुमला नव्हता, वंशपरंपरागत पदवी नव्हती. त्याच्याकडे होती ती हजरजबाबी जीभ, थंड आत्मविश्वास आणि विलक्षण नजर.

त्याआधी पुरुष कसे नटत असत?

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण अठराव्या शतकातील युरोपला तंतोतंत लागू पडत होती. त्या काळी नटण्याचा मान बायकांइतकाच पुरुषांकडेही होता. रेशमी कोट, त्यावर जरीचे भरतकाम, मनगटाशी लेस, गुडघ्यापर्यंतची विजार, रेशमी लांब मोजे आणि डोक्यावर पांढरी पावडर लावलेला केसांचा टोप, असा थाट असे. लंडनमध्ये १७६०-७०च्या दशकांत ‘मॅकरोनी’ नावाने ओळखले जाणारे तरुण होते. इटलीची सफर करून आलेल्या या मंडळींचे टोप इतके उंच असत की व्यंगचित्रकारांना आयताच विषय मिळे.

फ्रेंच राज्यक्रांतीने हे चित्र पालटले. पॅरिसच्या रस्त्यांवर उमरावी रेशीम घालून फिरणे जिवावर बेतू शकत होते. तिथल्या क्रांतिकारक कष्टकऱ्यांना ‘सां-क्युलॉत’ म्हणत, म्हणजे गुडघ्यापर्यंतची उमरावी विजार न घालणारे. माणूस कोणत्या बाजूचा आहे, हे त्याच्या पायांवरून कळू लागले होते.

पावडरीवरच्या कराचा काय संबंध?

फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी पैसा हवा म्हणून ब्रिटिश सरकारने १७९५ मध्ये केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर लावला. अनेकांनी पावडर सोडली, केस कापले. याच सुमारास ब्रमेल घोडदळाच्या दहाव्या पलटणीत अधिकारी होता. ही पलटण युवराज जॉर्जची, म्हणजे पुढच्या राजा चौथ्या जॉर्जची. नटण्याचा शौक असलेला युवराज आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान असलेल्या या तरुणावर फिदा झाला. १७९५ मध्ये युवराजाच्या लग्नातही ब्रमेल हजर होता. पुढच्याच वर्षी, अवघ्या अठराव्या वर्षी, तो कॅप्टन झाला. कोणत्याही युद्धात न लढता मिळालेल्या या बढतीमुळे वरिष्ठ सहकाऱ्यांचा जळफळाट झाला, असे सांगतात.

लंडन का आणि मँचेस्टर का नाही?

१७९८ च्या सुमारास पलटणीला मँचेस्टरला जाण्याचा आदेश आला आणि ब्रमेलने सरळ सैन्य सोडले. मँचेस्टरमध्ये माणसाने राहावे तरी कसे, अशा सुरात त्याने युवराजाकडे सुटका मागितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. किस्सा खरा असो वा रंगवलेला, त्यातून दोन शहरांचा स्वभाव दिसतो. मँचेस्टर हे कापसाच्या गिरण्यांमुळे झपाट्याने वाढणारे, धुराने काळवंडू लागलेले, कामाचे शहर होते. तिथे कापड तयार होई. ते मिरवण्याची जागा मात्र सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेल्या लंडनच्या सेंट जेम्स आणि मेफेअर या भागांत होती. ब्रमेलच्या कलेला प्रेक्षक लागत होते आणि ते फक्त राजधानीत होते.

१७९९ मध्ये सज्ञान झाल्यावर त्याला वडिलांच्या संपत्तीतील वाटा मिळाला. ही रक्कम वीस-तीस हजार पौंडांच्या घरात होती. एखाद्या मध्यमवर्गीयाला ती जन्मभर पुरली असती. पण ज्यांच्या पंगतीला ब्रमेल बसू पाहत होता, त्यांच्यापैकी काहींच्या जमिनींचे वार्षिक उत्पन्नच त्याहून मोठे असे. त्याने मेफेअरमधील चेस्टरफिल्ड स्ट्रीटवर, चार क्रमांकाच्या घरात बिऱ्हाड थाटले.

त्याने नेमके काय बदलले?

ब्रमेलने नवा कपडा शोधला नाही. इंग्रज जमीनदार गावाकडे घोड्यावर बसताना लोकरी कोट, विजार आणि बूट घालत. तो साधा पोशाख त्याने शहरात आणला आणि त्याला कमालीची सफाई दिली. दिवसा पितळी बटणांचा गडद निळा कोट, फिकट पिवळसर जाकीट व विजार आणि चकाकते उंच बूट, तर संध्याकाळी निळा कोट, पांढरे जाकीट आणि पायाशी घट्ट बसणारी काळी लांब विजार, असा त्याचा ठरलेला वेश असे. जर नाही, अत्तराचा भपका नाही, रंगांची उधळण नाही.

यामागे शिंपीकामातला एक महत्त्वाचा बदल होता. रेशीम अंगावर पडते तसे पडते. लोकरीच्या कापडाला मात्र वाफ आणि इस्त्री देऊन आकार देता येतो, ताणता येते, आवळता येते. त्यामुळे लंडनच्या शिंप्यांना कापडातून जणू शरीर घडवता येऊ लागले. कॉर्क स्ट्रीट, ओल्ड बाँड स्ट्रीट, कॉन्ड्युइट स्ट्रीट येथील नामवंत शिंपी ब्रमेलचे कपडे शिवत. पुढे याच परिसरातील सॅव्हिल रो ही गल्ली सूटची पंढरी झाली.

ब्रमेलचे खरे वैशिष्ट्य होते गळपट्टा. त्या काळचे गळपट्टे गळ्याभोवती लोळागोळा होऊन पडत. त्याने पांढऱ्याशुभ्र कापडाला बेताची खळ घालून तो ताठ ठेवला. गाठ पहिल्या झटक्यात जमली नाही, तर तो पट्टा टाकून नवा घ्यायचा. त्याचा नोकर सकाळी चुरगळलेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन खाली उतरे, अशी आख्यायिका आहे. बुटांना शॅम्पेनने चकाकी आणत असल्याचीही कथा सांगितली जाते.

दुसरा बदल स्वच्छतेचा. रोज आंघोळ, रोज दाढी, दात घासणे आणि रोज धुतलेले आतले कपडे, हा त्याचा नेम होता. आपल्याकडे स्नान हा दिनक्रमाचाच भाग असल्याने यात नवल वाटणार नाही. पण अत्तराने घामाचा वास झाकणाऱ्या तेव्हाच्या युरोपीय दरबारी वर्तुळात हे नवेच होते. त्याच्या तयारीला काही तास लागत आणि खुद्द युवराज ती पाहायला त्याच्या घरी येऊन बसे.

त्याची सत्ता कशावर चालत होती?

ब्रमेलने तयार केलेल्या वर्तुळाला ‘डँडी’ म्हटले गेले. आजच्या भाषेत ती शहरी उपसंस्कृतीच होती. तिला स्वतःचे नियम होते, स्वतःच्या जागा होत्या आणि आत कोणाला घ्यायचे याचे निकष होते. सेंट जेम्स स्ट्रीटवरील ‘व्हाइट्स’ क्लबच्या रस्त्याकडे पुढे आलेल्या खिडकीत ब्रमेल आणि त्याचे मित्र बसत. खालून जाणाऱ्या माणसाच्या कोटाकडे तिथून टाकलेला एक कटाक्ष त्याची सामाजिक पत ठरवू शकत असे.

साधेपणा हा या खेळातला सर्वात कठीण डाव होता. जरीचा कोट पैसेवाला कुणीही विकत घेऊ शकतो. पण साधा निळा कोट बिनचूक बसवण्यासाठी नजर लागते आणि ती वारशाने मिळत नाही. म्हणूनच नोकराचा नातू ड्यूकच्या मुलाला कपड्यांवरून गप्प करू शकला. पण या समतेला मर्यादा होती. तासन् तास नटण्याची फुरसत, उत्तम शिंपी आणि घरात नोकर हे सगळे त्यात गृहीत होते. जन्माची भिंत ब्रमेलने ओलांडली, पैशाची भिंत तशीच राहिली.

बिनसले कुठे?

पहिले कारण जीभ. १८११-१२ च्या सुमारास राजप्रतिनिधी झालेला युवराज आणि ब्रमेल यांच्यात दुरावा आला. जुलै १८१३ मध्ये ब्रमेलसह चार डँडींनी जुगारातील कमाई साजरी करण्यासाठी मेजवानी दिली. युवराज आला, लॉर्ड अल्व्हन्लीशी बोलला, पण ब्रमेलला त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. त्यावर ब्रमेलने, युवराजाला ऐकू जाईल अशा बेताने, अल्व्हन्लीला त्याच्या या लठ्ठ मित्राचे नाव विचारले. वाढत्या वजनाबद्दल हळव्या असलेल्या युवराजाच्या हे जिव्हारी लागले. तरीही त्यानंतर जवळपास तीन वर्षे ब्रमेलचे स्थान टिकून राहिले, हे विशेष.

दुसरे आणि खरे कारण कर्ज. ऋण काढून सण साजरा करण्याची सवय या वर्तुळात सगळ्यांनाच होती. फरक एवढाच की, उमरावाच्या मुलाला मागे जमीन असे, ब्रमेलच्या मागे काही नव्हते. ‘वॉटिए’ या क्लबमध्ये तो मोठमोठ्या रकमांचा जुगार खेळला. मित्रांसोबत संयुक्त कर्जे काढली. त्या व्यवहाराची बोंब झाली आणि विश्वास उडाला. १६ मे १८१६ रोजी तो नेहमीच्या थाटात ऑपेरा पाहायला गेला, तिथून लवकर निघाला आणि रातोरात डोव्हर गाठून फ्रान्सला पळाला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या घरातील मद्य, चिनी मातीची भांडी आणि फर्निचर यांचा लिलाव झाला.

फ्रान्समध्ये त्याचे काय झाले?

समुद्रापलीकडचे कॅले हे बंदर तेव्हा इंग्रज कर्जबुडव्यांचा आसरा होते. इंग्लंडमधील सावकारांचे हात तिथे पोहोचत नसत. ब्रमेल तिथे चौदा वर्षे राहिला. येणारे-जाणारे मित्र जेवण देत, पैसे देत. १८२१ मध्ये राजा झालेला चौथा जॉर्ज कॅलेमार्गे गेला, पण दोघांची भेट झाली नाही.

१८३० मध्ये त्या राजाच्या निधनानंतर ब्रमेलला नॉर्मंडीतील काँ या शहरात ब्रिटिश वाणिज्यदूताची नोकरी मिळाली. आपल्याला अधिक चांगल्या जागी पाठवतील या आशेने त्याने हे पद अनावश्यक असल्याचे सरकारला कळवले. सरकारने १८३२ मध्ये पदच रद्द केले आणि दुसरी नेमणूक दिली नाही. १८३५ मध्ये कर्जापायी त्याला तुरुंगवास घडला. मित्रांनी वर्गणी काढून त्याला सोडवले. मळ दिसू नये म्हणून पांढऱ्या गळपट्ट्याच्या जागी काळा आला. सिफिलिसने मेंदू पोखरला. शेवटच्या काळात तो हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून हयात नसलेल्या उमरावांचे स्वागत करीत असे, असे त्याचा चरित्रकार कॅप्टन जेस याने नोंदवले आहे. रोज आंघोळ करणारा हा माणूस अखेरीस स्वतःची स्वच्छताही राखू शकत नव्हता. ३० मार्च १८४० रोजी काँ येथील मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

मग त्याचे नाव टिकले कसे?

त्याला जिवंत ठेवण्यात पॅरिसचा वाटा मोठा आहे. लंडनसाठी डँडी हा क्लबमधला माणूस होता. पॅरिसने त्याला विचार बनवले. १८४५ मध्ये बार्बे दोरव्हिली या लेखकाने ब्रमेल आणि डँडी वृत्तीवर पुस्तक लिहिले. पुढे कवी बोदलेअरने डँडीकडे गर्दीच्या शहरात स्वतःचे वेगळेपण जपणारा माणूस म्हणून पाहिले.

पुरुषांनी रंग आणि नटणे सोडून साधेपणा पत्करला, या बदलाला मानसशास्त्रज्ञ जॉन कार्ल फ्लूगेल याने १९३० मध्ये पुरुषांचा महान त्याग म्हटले. तो ब्रमेलने एकट्याने घडवला नाही. क्रांती, युद्ध, उद्योग आणि उदयाला येणारा मध्यमवर्ग यांचा त्यात हात होता. ब्रमेलने त्याला रूप दिले.

त्याची चाल मात्र अनेक शहरांनी पुढे गिरवली. १९५० च्या दशकात लंडनच्या कामगार वस्त्यांतील ‘टेडी बॉइज’नी उमरावी धाटणीचे लांब कोट घातले. त्यानंतरच्या ‘मॉड’ पोरांनी आठवड्याचा पगार इटालियन धाटणीच्या सूटवर उडवला. ब्राझाव्हिल आणि किन्शासा या आफ्रिकी शहरांतील ‘सापर’ आजही गरीब वस्त्यांच्या धुळीतून झुळझुळीत सूट घालून दिमाखात चालतात. जन्माने जे नाकारले ते कपड्यांनी मिळवायचे, हा हट्ट या सगळ्यांत समान आहे.

२००२ मध्ये लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर ब्रमेलचा पुतळा उभारण्यात आला. आसपास आजही शर्ट, बूट आणि टाय यांची दुकाने आहेत. याच भागातल्या दुकानदारांची आणि शिंप्यांची देणी मागे ठेवून तो १८१६ च्या त्या रात्री पळाला होता.