वैद्यराज जीवक आणि बिंबिसार राजाचे दुखणे

भगवान बुद्धांच्या काळातील थोर वैद्य जीवक यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात त्यांचे चरित्र येते. राजगृहातील सालवती या गणिकेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. जन्मताच त्यांना सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आलं. राजपुत्र अभयाने कावळ्यांचा गराडा पाहिला, मूल जिवंत आहे असे कळताच ते वाड्यात नेऊन वाढवलं. जिवंत सापडला म्हणून जीवक. ना कुळ, ना गोत. असा हा मुलगा तक्षशिलेस गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला.

तो राजगृही परतला तेव्हा मगधाचा राजा बिंबिसार भगंदराने हैराण होता. वस्त्रे रक्ताने डागळत आणि राण्या थट्टा करीत. राजाला फार लाज वाटे. तरी त्याने आपले दुखणे अभयाला सांगितले. जीवकांनी आधी जागा तपासली, मग लेप लावून राजाला बरे केले. राजाने दागिन्यांची रास देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. पुढे राजाने त्यांच्यावर भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघाच्या सेवेचे काम सोपवले. जीवकांनी आपली आंबराईही संघाला दान दिली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांत हे दुखणे आजही लपवले जाते. बसता येत नाही, शौचाला जाताना जीव जातो, पण माणूस बोलत नाही. बायामाणसं तर मुळीच नाहीत. गुदद्वाराच्या आतल्या बारीक ग्रंथींचे तोंड बंद झाले की तिथे जंतू वाढतात, पू होतो आणि गळू येते. गळू फुटले की बरे वाटते. पण पुष्कळांच्या बाबतीत आतून बाहेर एक वाट राहून जाते आणि पू वाहतच राहतो. तोच भगंदर. मधुमेह असेल तर धोका जास्त. क्षयरोग किंवा आतड्याची सूज हेही कधी कधी कारण असते.

डॉक्टर बोटाने तपासतात. वाट खोल किंवा फाटे फुटलेली असेल तर एमआरआय काढायला सांगतात. गळूतला पू चीर देऊन काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. भगंदराला शस्त्रक्रिया किंवा आयुर्वेदातील क्षारसूत्र हे उपाय आहेत. जीवकांचा लेप कशाचा होता हे ग्रंथात नाही, तेव्हा पोटीस आणि पाला बांधून दिवस काढू नयेत. ठणका लागून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओरोसचे जिल्हा रुग्णालय आपल्या सर्वांसाठीच आहे.

मगधाच्या राजाने वैद्यापुढे लाज बाजूला ठेवली. मग आपण का लाजायचं?