शिकाऱ्याचं रान, कवीचं रान

वरोऱ्याला गाडी थांबली की मला आधी आठवते ती एक बंदूक. आनंदवनाच्या वाटेवर बंदूक कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा, रानाला पहिल्यांदा भेटले ते शिकारी म्हणून.

२६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटच्या जहागीरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी हाती स्वतःची बंदूक आली. पुढे मोटार आली, तिच्या गाद्यांना बिबट्याचं कातडं होतं. रानाला जो भीत नाही तो कशालाच भीत नाही, असा त्या वयाचा हिशेब असावा.

तो हिशेब चुकला वरोऱ्यातच. वकिली आणि नगरपालिकेचं उपाध्यक्षपद सांभाळून बाबा सफाई कामगारांबरोबर मैल्याच्या टोपल्या वाहत होते. एकदा भर पावसात त्यांना रस्त्याकडेला महारोगानं झडलेला तुळशीराम दिसला आणि अस्वलाला न भ्यालेला हा माणूस घाबरून पळाला. मग स्वतःचीच लाज वाटून तो परतला, त्याला आडोसा केला, घास भरवला. तुळशीराम वाचला नाही. पण खरं श्वापद रानात नसतं, आपल्या मनातल्या भीतीत असतं, हे बाबांना त्या दिवशी कळलं असं मला वाटतं.

१९४९ साली कलकत्त्याला जाऊन ते कुष्ठरोगावरचे उपचार शिकले. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये. साप-विंचवांच्या त्या झुडपी रानात बोटं झडलेल्या हातांनी विहीर खणली, शेतं पिकवली. गावानं ज्यांना रानात टाकलं, त्यांनीच रानाचं गाव केलं.

याच माणसानं ‘ज्वाला आणि फुले’ लिहिलं. त्या कवितेनं यमकाचं कुंपण मानलं नाही. रानाकडे नुसती शोभा म्हणून पाहणारे कवी आपल्याकडे पुष्कळ झाले. बाबांनी आधी खडकाला कुदळ लावली होती, म्हणून त्यांच्या शब्दांना हाताचे घट्टे आहेत.

१९७३ मध्ये ते भामरागडच्या जंगलात हेमलकशाला पोचले आणि माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. १९८४ साली इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध त्यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ची हाक दिली. जंगल आणि माणूस त्यांनी एका दमात उच्चारले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हेमलकशाचीच एक गोष्ट. पोटासाठी शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश यांनी ते पिल्लू मागून घेतलं. पुढे तिथं अनाथ वन्यप्राण्यांचं घरच झालं. बिबट्याच्या कातड्यावर बसणाऱ्याच्या घरात बिबट्याची पिल्लं वाढली!

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले. त्यांना अग्नी दिला नाही, आनंदवनाच्या मातीतच पुरलं. आज चंद्रपूरच्या गावांत वाघाची धास्ती आहे आणि ती खोटी नाही. पण माणसाला भिऊन माणसानं पळावं, ही भीती मात्र आपली आपणच पाळलेली. बाबा एकदा पळाले होते, हे मी विसरत नाही. ते परत फिरले, हे तर नाहीच.