नीरेचे पोषणमूल्य तपासणाऱ्या कमलाबाई

न्हावा शेवा बंदरात आज लागणाऱ्या महाकाय जहाजांवरील खलाशांना स्कर्व्हीची धास्ती उरलेली नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात मात्र हिरड्यांतून रक्त येऊन, भरलेल्या जखमा पुन्हा उकलून हजारो खलाशी या रोगाने दगावले. लिंबू-संत्र्यांनी तो बरा होतो, हे जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये दाखवून दिले. त्या फळांतले नेमके द्रव्य हाती यायला पुढे पावणेदोनशे-दोनशे वर्षे लागली. ते द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व. केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत सेंट-जॉर्जी यांनी ते १९२८ च्या सुमारास वेगळे काढले, तिथे काही वर्षांनी एक मराठी तरुणी संशोधनासाठी दाखल झाली. तिचे नाव कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी.

जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत पदवी घेऊन १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण. कमलाबाई त्यांना जाऊन भेटल्या आणि मागे हटल्या नाहीत. अखेर आधी वर्षभर काम पाहू, मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. अट अपमानाचीच होती. पण दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवरचे त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेची दारे मुलींसाठी उघडली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला, हॉपकिन्स यांच्या विभागात पोहोचल्या. सेंट-जॉर्जी यांना नोबेल मिळाले तेही याच साली. कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचे शोधून काढले. (नावात ‘सी’ असले तरी ते जीवनसत्त्व नव्हे, पेशीच्या श्वसनाला लागणारे ते एक प्रथिन आहे.) १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा प्रवास झाला.

मुंबईत राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा अभ्यासाला घेतली. चुना लावलेल्या मडक्यात रात्रभर जमणारा हा ताड-माडाचा गोड रस सकाळीच प्यावा लागतो. ऊन चढले की आंबून त्याची ताडी-माडी होते. नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही मिळाले. रस आटवून केलेल्या ताडगुळातही ते काही अंशी टिकते, असे त्यांच्या गटाला आढळले. क जीवनसत्त्व उष्णतेने सहज नाश पावते, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

या जोडीचे मोल दवाखान्यात कळते. धान्य-भाजीतले लोह आतड्यातून सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते बरेच अधिक शोषले जाते. शिवाय बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. माणसाने ती क्षमता गमावली आहे, त्यामुळे त्याला ते रोज अन्नातूनच मिळवावे लागते. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पेरू, आवळा यांत क जीवनसत्त्व नीरेपेक्षा कितीतरी जास्त असते, हे खरे. पण नीरा त्या वस्त्यांतल्या लोकांच्या हाताशी होती आणि कमलाबाईंचा प्रश्न गरिबाच्या ताटाचा होता.

संस्थेचे संचालकपद त्यांना उशिरानेच मिळाले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या, ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.